शंभर भरले, पुढे काय?

महाराष्ट्रात नोकरी करणाऱ्या बहुतेकांच्या पगारपत्रकावर 'व्यवसाय कर' अशी एक छोटी ओळ असते. दर महिन्याला 200 रुपये, फेब्रुवारीत मात्र 300. सगळ्यात लहान महिन्यातच शंभर रुपये जास्त का, असा प्रश्न पडतो. उत्तर साध्या बेरजेत आहे. राज्यघटनेच्या कलम 276 प्रमाणे हा कर एका माणसाकडून वर्षाला 2,500 रुपयांहून अधिक घेता येत नाही. अकरा महिने 200 प्रमाणे 2,200 होतात आणि फेब्रुवारीचे 300 धरले की मर्यादा बरोबर गाठली जाते.

राज्याने हा कर 1975 मध्ये बसवला, तो रोजगार हमी योजनेसाठी पैसा उभा करायला. पुण्या-मुंबईत टेबलाशी बसून काम करणाऱ्याच्या पगारातले दोनशे रुपये आणि मराठवाड्यातल्या एखाद्या नालाबांधावर माती उचलणाऱ्या बाईची मजुरी यांचे असे जुने नाते आहे. देणाऱ्याला जशी मर्यादा आहे, तशी घेणाऱ्यालाही आहे. ती म्हणजे सर्वांना तोंडपाठ असलेला आकडा, वर्षाला शंभर दिवस.

मराठीत 'शंभर भरले' हे शब्द शिशुपालाच्या कथेतून आले. शंभर अपराध झाले, आता गय नाही. रोजगार हमीच्या कामावर हेच शब्द वेगळ्या अर्थाने कानी पडतात. "तुमचे शंभर भरले" असे सांगितले की माणसे फावडे-घमेले उचलून मुकाट घरी जातात. पण खरेच तिथे काही संपते का? हे शंभर दिवस कोणाचे, कोणत्या काळातले, आणि एकशे एकाव्या दिवशी नेमके काय घडते, हे एकदा नीट समजून घेतले पाहिजे. निम्मे हक्क माहीत नसल्यामुळेच वाया जातात.

शंभर दिवस माणसाचे की चुलीचे?

राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा 2005 मध्ये झाला. 2 फेब्रुवारी 2006 पासून तो देशातल्या 200 जिल्ह्यांत लागू झाला, 2008 पासून सर्व ग्रामीण जिल्ह्यांत पोचला आणि 2009 मध्ये त्याला महात्मा गांधींचे नाव मिळाले. त्याने दिलेली शंभर दिवसांची हमी व्यक्तीला नसून कुटुंबाला आहे. इथेच पहिला घोटाळा होतो.

कुटुंब म्हणजे कोण? रक्ताच्या, लग्नाच्या किंवा दत्तकाच्या नात्याने जोडलेली, एकत्र राहणारी आणि एकत्र जेवणारी किंवा एकाच रेशनकार्डावर असलेली माणसे. आपल्या भाषेत एका चुलीवरची माणसे. त्या चुलीला एक जॉबकार्ड मिळते आणि त्यावर घरातल्या काम करू इच्छिणाऱ्या सर्व प्रौढांची नावे असतात. एकटी राहणारी विधवा किंवा परित्यक्ता असेल, तर ती एकटीही एक कुटुंबच.

दुरडीत शंभर भाकऱ्या आहेत अशी कल्पना करा. घरातला एकच माणूस रोज एक भाकरी खात असेल तर दुरडी शंभर दिवस पुरेल. नवरा-बायको दोघे खाणारे असतील तर पन्नास दिवस. आई-वडील, मुलगा आणि सून असे चौघे रोज कामावर जात असतील तर पंचविसाव्या दिवशी दुरडी रिकामी. चौघांपैकी प्रत्येकाने केवळ पंचवीस दिवस काम केले, पण हिशेबात शंभर भरले. या मोजमापाला 'मनुष्यदिवस' म्हणतात. एका माणसाने एक दिवस केलेले काम म्हणजे एक मनुष्यदिवस.

एकत्र कुटुंबाला हा नियम जड जातो. थोरला मुलगा आणि त्याची बायको खरोखर वेगळे राहत-जेवत असूनही कागदावर जुन्याच कार्डात असतील, तर दोन चुली एकाच दुरडीतून खात राहतात. चूल खरेच वेगळी असेल तर वेगळ्या जॉबकार्डाची मागणी करता येते, आणि ती वेळेवर करणे हिताचे असते.

वर्ष कोणते?

दुसरा प्रश्न वर्षाचा. हे वर्ष 1 एप्रिल ते 31 मार्च असे सरकारी आर्थिक वर्ष आहे. शेतातले वर्ष मात्र वेगळे चालते. कोरडवाहू भागात रब्बीची काढणी झाली की शिवारात हाताला काम उरत नाही. शिमग्यापासून मृग नक्षत्रापर्यंतचे दिवस सर्वांत ओढगस्तीचे, आणि रोजगार हमीच्या कामाला गर्दी होते ती याच दिवसांत.

या ओढगस्तीच्या काळातच 31 मार्चची रेघ पडते. एखाद्या कुटुंबाने दिवाळीनंतर काम करून फेब्रुवारीअखेर शंभर दिवस संपवले, तर त्याचा मार्च कोरडा जातो आणि 1 एप्रिलला दुरडी पुन्हा भरते. उलट मार्चपर्यंत ज्याचे वीसच दिवस झाले, त्याचे उरलेले ऐंशी पुढच्या वर्षात जात नाहीत. 31 मार्चच्या रात्री ते संपतात.

आता बीड जिल्ह्यातले ऊसतोडीहून परतलेले जोडपे घ्या. समजा त्यांनी 1 एप्रिलपासून दोघांसाठी काम मागितले आणि ते रोज मिळत गेले. आठवड्याला सहा दिवस काम, दिवसाला दोन मनुष्यदिवस. शंभर भरायला पन्नास कामाचे दिवस, म्हणजे आठ आठवड्यांहून थोडे जास्त लागतील. मेअखेर दुरडी रिकामी झाली. मृगाचा पाऊस अजून आठवडाभर लांब आहे, आणि पुढचे दहा महिने कार्डावर एकही दिवस शिल्लक नाही. असे कुटुंब पुढे काय करणार, या प्रश्नाचे उत्तर देशातल्या बहुतेक राज्यांत एक आहे आणि महाराष्ट्रात दुसरे.

'किमान'चे 'कमाल' कसे झाले?

2005 च्या कायद्याचे तिसरे कलम नीट वाचले तर एक गोष्ट चटकन लक्षात येते. त्यात शंभर दिवसांहून 'कमी नाही' इतका रोजगार, असे शब्द आहेत. म्हणजे शंभर हा आकडा खालची पातळी आहे. त्याच कलमात पुढे असेही म्हटले आहे की केंद्र किंवा राज्य सरकार आपल्या ऐपतीप्रमाणे त्याहून जास्त दिवसांची सोय करू शकते.

मग ही खालची पातळी व्यवहारात वरची कशी ठरली? पैशाच्या वाटणीमुळे. या कायद्यात अकुशल मजुरीचा सगळा खर्च केंद्र सरकार उचलते. सामान आणि कुशल कामाच्या खर्चाचा तीन चतुर्थांश भाग केंद्राचा, एक चतुर्थांश राज्याचा. पण केंद्राची ही थैली एका चुलीसाठी शंभर दिवसांपर्यंतच उघडी असते. त्यापुढची मजुरी राज्याने द्यायची. ज्या राज्याने तशी तयारी ठेवली नाही, तिथे शंभराव्या दिवशी काम थांबते आणि लोकांना वाटते की कायदाच थांबला.

केंद्राच्या थैलीलाही दोन अपवाद होते. दुष्काळ किंवा नैसर्गिक आपत्ती जाहीर झालेल्या भागात आणखी 50 दिवस मिळू शकत. तसेच वनहक्क कायद्याखाली जमिनीचा पट्टा मिळालेल्या आदिवासी कुटुंबांना 150 दिवसांपर्यंत काम देण्याची तरतूद होती. नंदुरबार-गडचिरोलीच्या वनपट्ट्यात या दुसऱ्या नियमाला मोठा अर्थ होता.

महाराष्ट्राचा एकशे एकावा दिवस

महाराष्ट्राचे उत्तर वेगळे का, हे कळण्यासाठी थोडे मागे जावे लागते. 1965 मध्ये सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात, विसापूर गावी, एक प्रयोग झाला. त्यामागे होते विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे. त्यांची कल्पना साधी होती. अंगमेहनत करायला तयार असलेल्या माणसाला सरकारने काम द्यायचे, आणि ते काम गावाला पाणी आणि माती राखून देणारे असायचे. वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना ही कल्पना राज्याची योजना झाली.

पाठोपाठ 1972 चा दुष्काळ आला. मे 1973 मध्ये राज्यातल्या दुष्काळी कामांवर सुमारे 50 लाख माणसे होती. खडी फोडणाऱ्या त्या पिढीच्या आठवणी आजही घरोघरी आहेत. दुष्काळ सरल्यावर कामे बंद करून विसरून जाण्याऐवजी महाराष्ट्राने त्या अनुभवाचा कायदा केला. महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम 1977 चा, आणि तो अमलात आला 26 जानेवारी 1979 रोजी. व्यवसाय करातून येणारे उत्पन्न आणि तितकीच राज्य सरकारची भर, असा या योजनेचा निधी ठरला.

या राज्य कायद्याची मोजपट्टी केंद्राहून निराळी होती. हमी होती प्रत्येक प्रौढ व्यक्तीला. दिवसांची मर्यादा नव्हती. 'मागेल त्याला काम' या तीन शब्दांत सगळे सामावले होते. मर्यादा होत्या त्या वेगळ्या प्रकारच्या. काम अंगमेहनतीचे असेल, आपल्या पसंतीचे मिळेलच असे नाही, आणि ते गावापासून लांबही असू शकेल.

केंद्राचा कायदा आला तेव्हा राज्याचा मोडीत काढायची गरज नव्हती. ज्या राज्याचा स्वतःचा कायदा केंद्राइतका किंवा त्याहून चांगला आहे, त्याला तो ठेवण्याची मुभा 2005 च्या कायद्याच्या 28 व्या कलमात होती. महाराष्ट्राने 2006 मध्ये आपल्या कायद्यात दुरुस्ती करून दोन्हींची सांगड घातली. मजुराला केंद्राच्या कायद्यातले फायदे मिळाले. पाच किलोमीटरच्या आत काम, त्याहून लांब असेल तर 10 टक्के जास्त मजुरी, हजेरीपट बंद झाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे. आणि राज्याचे जुने वचनही टिकले. शंभर दिवसांपर्यंतच्या मजुरीचा भार केंद्रावर, त्यापुढचा राज्यावर.

त्यामुळे महाराष्ट्रात एकशे एकाव्या दिवशी मजुराच्या दृष्टीने काहीच बदलायला नको. तेच काम, तोच हजेरीपट, तीच मजुरी. बदलते ती फक्त पैसे देणारी तिजोरी. एस.टी.च्या प्रवासात जिल्ह्याची हद्द ओलांडताना रस्त्याची देखभाल करणारा बदलतो, पण गाडी काही थांबत नाही. "तुमचे शंभर भरले" याचा इथला खरा अर्थ आहे, "केंद्राचे शंभर भरले." एवढा एक शब्द पुढे जोडता आला, तर फावडे उचलून घरी जाणारा माणूस तिथेच थांबून विचारू शकेल की पुढच्या हजेरीपटावर माझे नाव कधी येईल?

मर्यादा घालायचीच कशाला?

कोणत्याही रोजगार योजनेत सहभागाला मर्यादा घालण्यामागे दोनपैकी एक विचार असतो. छत्री आणि शिडी यांच्या उदाहरणाने तो कळेल.

शिडी वर चढण्यासाठी असते. तिच्यावर कोणी बसून राहिले तर मागच्याला चढता येत नाही. आयर्लंडमधली 'कम्युनिटी एम्प्लॉयमेंट' योजना अशी आहे. दीर्घकाळ बेकार असलेल्यांना तिथे स्थानिक संस्थांमध्ये आठवड्याला सरासरी साडेएकोणीस तास काम आणि सोबत प्रशिक्षण मिळते. उद्देश हा, की माणसाने अनुभव घ्यावा आणि पुढे नेहमीच्या नोकरीत जावे. म्हणून तिथली मर्यादा व्यक्तीला आहे आणि ती वर्षांत मोजली जाते. जागा मोजक्या असतात, एकाने सोडली की दुसऱ्याला मिळते.

रोजगार हमी म्हणजे छत्री. पाऊस आला की उघडायची, थांबला की मिटायची. पेरणी, खुरपणी, कापणीच्या दिवसांत मजूर आपोआप शेतावर जातो आणि ओढगस्तीच्या दिवसांत इकडे येतो. 2025-26 साठी महाराष्ट्रात या कामाचा दर दिवसाला 312 रुपये होता. उन्हात माती खणण्याचे काम आणि एवढी मजुरी, यामुळे गरज नसलेला माणूस सहसा इकडे फिरकत नाही. म्हणजे छत्रीला आपली आपण बंद होणारी यंत्रणा आहेच. तरीही शंभराचा आकडा घातला जातो तो खर्चाचा अंदाज बांधता यावा आणि शेतीला मजूर अपुरे पडू नयेत म्हणून. ही दोन्ही कारणे समजण्यासारखी आहेत. पण शिडीचा नियम छत्रीला लावला, तर ऐन पावसात ती मिटून घेतल्यासारखे होते.

कायद्यात न लिहिलेल्या मर्यादा

आता एक आकडा बघू. देशभरात काम मिळालेल्या एका कुटुंबाला वर्षाकाठी सरासरी मिळणारे दिवस गेल्या काही वर्षांत पन्नासच्या आसपास राहिले. शंभर दिवस पूर्ण करणारी कुटुंबे बहुतेक वर्षांत दहांत एकाहून अधिक नसतात. दुरडी निम्मी भरलेली असतानाच हात थांबतात. म्हणजे बहुतेकांना अडवणारी मर्यादा शंभराची नाहीच.

पहिली अडवणूक मागणीच्या टप्प्यावर होते. ही योजना मागणीवर चालते, म्हणून मागणी कागदावर आली नाही तर हक्क सुरूच होत नाही. ग्रामरोजगार सेवकाला तोंडी सांगणे पुरेसे नाही. कामाच्या मागणीचा अर्ज द्यायचा आणि तारखेची पोच घ्यायची. त्या तारखेपासून पंधरा दिवसांत काम मिळाले नाही तर बेरोजगार भत्ता देय होतो. पहिल्या 30 दिवसांसाठी मजुरीच्या किमान पाव, त्यानंतर किमान निम्मा. हा भत्ता राज्याने द्यायचा असतो. पोच नसेल तर पंधरा दिवस मोजायचे कुठून?

दुसरी अडवणूक कामांच्या यादीची. गावाने ग्रामसभेत शेततळी, पाणंद रस्ते, फळबाग, विहिरी, बांधबंदिस्ती अशी पुरेशी कामे आधी ठरवून मंजूर करून ठेवली नसतील, तर एप्रिलमध्ये मागणी आली तरी द्यायला काम नसते. एकूण खर्चात मजुरीचा वाटा किमान 60 टक्के ठेवावा लागतो आणि ठेकेदाराला मज्जाव असतो. हे नियम मजुरांच्या भल्याचे आहेत, पण त्यांत बसणारी कामे शोधायला आधी बसून विचार करावा लागतो.

तिसरी अडवणूक हजेरीची. 2023 पासून बहुतेक सार्वजनिक कामांवर दिवसातून दोनदा मोबाइल अ‍ॅपवर फोटोसह हजेरी नोंदवणे सक्तीचे झाले. खोट्या हजेरीला आळा घालणे हा त्यामागचा हेतू. पण डोंगरातल्या पाड्यावर रेंज मिळाली नाही, तर दिवसभर केलेले काम कागदावर उमटेलच याची खात्री राहत नाही. म्हणून आपल्या जॉबकार्डावरचे दिवस आणि हजेरीपटावरचे दिवस दर पंधरवड्याला ताडून पाहणे गरजेचे आहे.

चौथी गोष्ट गैरसमजाची. काम मंजूर झाल्यावर पंधरा दिवसांत हजर न होणारा, किंवा परवानगीशिवाय महिन्यात आठवड्याहून अधिक गैरहजर राहणारा मजूर तीन महिने बेरोजगार भत्त्याला मुकतो. त्याचा काम मागण्याचा हक्क मात्र शाबूत राहतो. आजारपणामुळे कामावर जाऊ न शकलेल्या बाईला "आता तुला काम नाही" असे सांगण्याला कायद्याचा आधार नाही.

चौकट : कोणत्याही मर्यादेला विचारायचे चार प्रश्न

1. मोजणी कोणाची? 2005 च्या केंद्रीय कायद्यात कुटुंबाची, म्हणजे चुलीची. महाराष्ट्राच्या 1977 च्या कायद्यात प्रौढ व्यक्तीची.

2. मोजणी कोणत्या काळाची? 1 एप्रिल ते 31 मार्च. न वापरलेले दिवस पुढे जात नाहीत.

3. मर्यादा संपल्यावर पैसे कोण देणार? केंद्राचे शंभर दिवस संपल्यावर मजुरीचा भार राज्यावर. महाराष्ट्राने तो स्वीकारला आहे.

4. मर्यादेच्या आत काम नाकारले तर काय? तारखेची पोच दाखवून बेरोजगार भत्ता मागायचा.

आता आकडा 125

डिसेंबर 2025 मध्ये संसदेने 2005 च्या कायद्याची जागा घेणारा नवा कायदा मंजूर केला. त्यात हमी 125 दिवसांची आहे आणि ती कुटुंबालाच आहे. सोबत दोन मोठे बदल आहेत. पेरणी-कापणीच्या हंगामात राज्याला वर्षातले एकूण 60 दिवसांपर्यंत कामे थांबवता येतील. आणि खर्च बहुतेक राज्यांत केंद्र 60 टक्के, राज्य 40 टक्के असा वाटला जाईल.

125 हा आकडा 100 पेक्षा मोठा आहे यात शंका नाही. पण वरच्या चौकटीतले प्रश्न इथेही विचारले पाहिजेत. मजुरीत राज्याचा वाटा पहिल्या दिवसापासूनच असेल, तर राज्याची तिजोरी काटकसरीला लागल्यावर एकशे पंचविसावा दिवस उजाडेल का? कामे थांबवण्याचे 60 दिवस ठरवताना भाताचा कोकण आणि ज्वारीचा सोलापूर यांच्या वेगवेगळ्या हंगामांचा विचार होईल का? आणि एकशे सव्विसाव्या दिवशी महाराष्ट्राचे 'मागेल त्याला काम' हे वचन कोणत्या रूपात उभे असेल? ग्रामसभेत हे प्रश्न मोठ्याने विचारले गेले, तरच उत्तरे मिळतील.

पगारपत्रकावरच्या त्या दोनशे रुपयांकडे मी आता निराळ्या नजरेने बघते. 1975 मध्ये महाराष्ट्रातल्या शहरांनी गावांना दिलेल्या शब्दाचा तो मासिक हप्ता आहे. त्या हप्त्याच्या दुसऱ्या टोकाला जी बाई घमेले घेऊन उभी आहे, तिचे शंभर भरल्यावर तिला घरी पाठवायचे नाही, असेच त्या शब्दात ठरले होते. आपला हप्ता दर महिन्याला न चुकता कापला जातो. तिची हजेरीही तितक्याच नेमाने लागते ना, एवढे विचारण्याचा हक्क हप्ता भरणाऱ्या प्रत्येकाला आहे.